धूर सगळ्यांनाच दिसतो आहे

(मुंबईतल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका तारखेपासून करते. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच २४ तासांची नोंद आहे ७३ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळा याच शहरातल्या. म्हणजे कुर्ल्यात, कलिन्यात, साकीनाक्याला माणसं गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभी होती, तेव्हा कुलाब्यात मुंबईच्या जुलै महिन्यात पडतो तसा पाऊस पडत होता. सभागृहात आज पन्नाशीच्या पुढचे बरेच जण दिसतात. त्या दिवसाची आठवण प्रत्येकाकडे असणार आणि एकाची दुसऱ्यासारखी नसणार. कुणी रात्रभर बसमध्ये बसून काढली, कुणी रुळांवरून चालत घर गाठलं, आणि ज्यांच्या घरातलं माणूस परतलंच नाही अशीही कुटुंबं या शहरात आहेत.

हवामान बदलाबद्दल माणसाला काय वाटतं, याचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. पृथ्वीचं सरासरी तापमान कुणाच्या अंगाला लागत नाही. अंगाला लागतो तो आपल्या गल्लीतला पाऊस, आपल्या पत्र्याखालचं ऊन, आपल्या नळाचं पाणी. मी मानसशास्त्र शिकवते, हवामानशास्त्र माझा विषय नाही. त्यामुळे पाऊस का वाढला यापेक्षा, वाढलेला पाऊस पाहून माणसं काय समजतात आणि समजल्यावर काही करतात की नाही, हा माझा प्रश्न आहे.

२६ जुलैनंतर मुंबईकरांनी जे निष्कर्ष काढले ते आठवून पाहा. मिठी नदी बुजवली. नाल्यांत प्लास्टिक अडकलं. खारफुटी तोडली. जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असेल तर. यातलं एकही खोटं नाही. पण या सगळ्या कारणांत आभाळ कुठेच नाही. पाऊस नेहमीचाच, माणसांनी जमिनीवर घोटाळा केला, असं आपण धरून चाललो. त्यानंतर दर वर्षी पाणी तुंबलं की चर्चा नालेसफाईवर येऊन थांबते. नालेसफाई झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारे बाष्पाचे झोत जास्त लहरी झाले आहेत. म्हणजे नालाही बदलायला हवा आणि आभाळही बदललं आहे. आपल्या बोलण्यात यातली पहिलीच गोष्ट येते.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. लॉरेन व्हिटमार्श या संशोधिकेने दक्षिण इंग्लंडमध्ये पुराचा फटका बसलेल्या लोकांचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ते हवामान बदलाबद्दल इतरांपेक्षा जास्त सजग असतील, असं आपल्याला वाटेल. तसं आढळलं नाही. पूर हा त्यांच्या दृष्टीने स्थानिक गटारांचा, नदीचा, प्रशासनाचा विषय होता आणि हवामान बदल हा वेगळाच, दूरचा विषय. याउलट, हवेच्या प्रदूषणाचा त्रास झालेल्या लोकांच्या विचारात आणि वागण्यात मात्र फरक दिसला. आपल्याकडे गेल्या काही हिवाळ्यांत धुरक्याने मुंबई ग्रासली, तेव्हा घराघरांत हवेच्या निर्देशांकाची चर्चा सुरू झाली, बांधकामाची धूळ, हिरवी कापडं, पाण्याचे फवारे यांवर लोक वाद घालू लागले. श्वास लागला की कारण शोधायची घाई होते, आणि ते कारण रस्त्यावर डोळ्यांना दिसत असतं. पावसाचं तसं नाही.

मग लोकांना जाणीवच नाही, असं म्हणायचं का? अजिबात नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने सी-व्होटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेबरोबर २०२१-२२ मध्ये भारतभर एक पाहणी केली. त्यात ५४ टक्के लोक म्हणाले, ‘ग्लोबल वॉर्मिंग’बद्दल आम्हाला अगदी थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही. त्यानंतर विचारणाऱ्यांनी दोन ओळींत ते काय आहे हे सांगितलं. मग विचारलं, हे घडतं आहे असं तुम्हाला वाटतं का? ८४ टक्के लोक हो म्हणाले. माझ्या दृष्टीने या पाहणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. नाव माहीत नव्हतं, गोष्ट माहीत होती.

मला हे आकड्यांच्या आधी एका मासळीबाजारात कळलं होतं. तिथल्या एका मावशींना मी विचारलं, हवामान बदलाबद्दल तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, ‘ते आपल्याला काय ठाव नाय बाई.’ मग मी प्रश्न बदलला. वाळवणाचं कसं चाललंय? तर त्या बोलायच्या थांबेनात. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंवर, घातलेले बोंबील अवेळी पावसाने कसे सडतात, ऑक्टोबरात सुद्धा पावसाचा भरवसा कसा राहिला नाही, वादळाचा इशारा आला की होड्या कशा किनाऱ्याला लावून ठेवाव्या लागतात आणि तेवढ्या दिवसांची कमाई कशी बुडते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, ही दोन्ही वादळं त्यांच्या बोलण्यात तारखेसकट होती. हवामानाचा अहवाल लिहिणाऱ्याने त्यांच्यासमोर बसावं, इतकं नेमकं ते बोलणं होतं. जाणीव कमी आहे असं ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो, त्यांना आपण बहुतेक वेळा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

जाणिवेची एक दुसरी अडचण मात्र खरी आहे. ती टिकत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. ट्विटरवरच्या २०० कोटींहून अधिक संदेशांत लोक हवेबद्दल कधी बोलतात आणि कधी बोलणं सोडतात हे त्यात पाहिलं. एखादं तापमान ‘विचित्र’ वाटायला माणूस त्याची तुलना साधारण दोन ते आठ वर्षांपूर्वीच्या हवेशी करतो, असं निघालं. त्यामागचं विसरलेलं असतं. २०२५ चं उदाहरण घ्या. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजी आला. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात गेलं. त्या दिवशी सगळे अवाक झाले होते. असाच मे आणखी दोन-चार वेळा आला, तर आपली मुलं त्याला मे म्हणूनच ओळखतील. नवल संपलं की काळजीही संपते, आणि हे इतकं हळू होतं की कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून घरातल्या आजी-आजोबांनी आपल्या आठवणीतला उन्हाळा नातवंडांना सांगणं, याला मी फार महत्त्व देते. पन्नास वर्षांची तुलना करू शकेल असं माणूस घरात तेवढंच असतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. समजा, जाणीव आहे आणि ती टिकलीही. तर माणूस काही करतो का?

यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रचंड संशोधन झालं आहे. मॅथ्यू हॉर्नसी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ५६ देशांतले १७१ अभ्यास एकत्र तपासले. हवामान बदल खरा आहे हे मानणं आणि त्यासाठी काही करायला तयार असणं, यांचा संबंध आहे, पण अपेक्षेपेक्षा बराच दुबळा. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या फान फाल्कनखूड आणि स्टेख यांनी आणखी नेमका प्रश्न विचारला. पूर, उष्णता, वादळ यांपासून स्वतःला वाचवण्यासाठी माणसं प्रत्यक्ष पावलं कधी उचलतात? त्यांनी १३ कारणं तपासली. ज्ञान आणि पूर्वीचा अनुभव, ज्यांवर आपले सगळे जनजागृतीचे कार्यक्रम उभे असतात, ती दोन्ही कारणं तुलनेने कमजोर निघाली. जास्त जोर होता तो अशा गोष्टींचा : आजूबाजूचे लोक हे करत आहेत का, हे मला जमेल का, केल्याने खरंच फरक पडेल का, आणि पोटातून वाटणारी काळजी.

दर ५ जूनला शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर असलेली शेकडो चित्रं मुलं काढतात. मुलांना चित्र काढू द्यावं. पण ज्या शाळेच्या गच्चीवर दुपारी एकला पाय ठेववत नाही, त्या गच्चीचं काय करायचं हा प्रश्न त्याच मुलांपुढे कुणी ठेवत नाही, याचं मला दुःख होतं. माहिती आपण भरपूर देतो. जमेल का आणि उपयोग होईल का, या दोन प्रश्नांची उत्तरं देत नाही.

आणि तिसरा प्रश्न, आजूबाजूचे काय करतात, त्याबद्दल मला आज सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

१९६८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बिब लॅटने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली. थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर यायला लागला. खोलीत विद्यार्थी एकटा असेल तर ७५ टक्के वेळा तो उठून बाहेर सांगायला गेला. मग त्यांनी खोलीत आणखी दोन माणसं बसवली. ती प्रयोगकर्त्यांचीच, काहीही झालं तरी मान खाली घालून लिहीत राहायचं असं सांगितलेली. आता उठून सांगणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांवर आलं. बाकीचे विद्यार्थी डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. धूर त्यांना दिसत होता. पण शेजारचे दोघे शांत आहेत, म्हणजे आगबिग नसावी, असं त्यांनी ठरवलं.

तिसरा प्रकार मला जास्त अस्वस्थ करतो. खोलीत तिघंही खरेच विद्यार्थी, कुणीही नाटक करणारं नाही. तरीही तिघांपैकी एकाने तरी उठून सांगितलं अशा गटांचं प्रमाण ३८ टक्केच होतं. म्हणजे तिघांनाही शंका होती, तिघांनीही एकमेकांकडे चोरून पाहिलं, प्रत्येकाला दुसरा शांत दिसला, आणि त्या शांततेवरून प्रत्येकाने आपली शंका गिळली.

हे आज जगाच्या पातळीवर मोजलं गेलं आहे. २०२४ मध्ये पेटर आंद्रे आणि सहकाऱ्यांनी १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तापमानवाढ रोखण्यासाठी दरमहा आपल्या उत्पन्नाचा एक टक्का द्यायला तयार आहात का? ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती टक्के लोक हो म्हणतील? लोकांचा सरासरी अंदाज होता ४३ टक्के. सरकारने जास्त काम करावं असं ८९ टक्क्यांना वाटत होतं. म्हणजे जगातली बहुसंख्य माणसं तयार आहेत आणि बहुसंख्य माणसांना वाटतं की आपण अल्पसंख्य आहोत.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आपल्या इमारतींच्या लिफ्ट आठवल्या. आपण रोज भेटतो. ‘काय उकडतंय हो’ म्हणतो. समोरचाही म्हणतो, ‘हो ना, यंदा फारच.’ आणि मजला येतो. दोघांच्याही मनात जे आहे ते त्याच्या पुढे सरकत नाही. सोसायटीच्या सभेत गच्ची गळते यावर दोन तास बोलणं होतं, ती तापते यावर होत नाही. प्रत्येकाला वाटतं की आपण विषय काढला तर लोक म्हणतील, यांना काय कामधंदा नाही.

याच्या उलट काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात घरांच्या दारांवर वीज वाचवण्याची वेगवेगळी पत्रकं लावली. एकावर पर्यावरणाचं कारण, एकावर समाजाचं, एकावर पैसे वाचतील म्हणून, आणि एकावर इतकंच की तुमच्या शेजारचे बहुतेक लोक वीज वाचवत आहेत. सगळ्यात जास्त वीज वाचली ती या शेवटच्या पत्रकाने. आणि कॅलिफोर्नियातल्याच लोकांना आधी विचारलं होतं की तुम्ही वीज कशामुळे वाचवता, तेव्हा शेजाऱ्यांचं कारण त्यांनी सगळ्यात शेवटी टाकलं होतं. शेजारी आपल्याला किती हलवतात हे आपल्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

इथे मुंबईचा एक खास विषय येतो, आणि तो जपून बोलायला हवा. मुंबई स्पिरिट. २६ जुलैला अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतलं, इमारतींखाली उभं राहून बिस्किटं आणि पाणी वाटलं, कमरेभर पाण्यात साखळी करून माणसं पार केली. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण दुसऱ्या दिवशी आठ-तेराची लोकल पकडणं, याला आपण जे कौतुक चिकटवलं आहे त्याबद्दल मला शंका आहे. ती लोकल पकडणाऱ्यातल्या बहुतेकांना दुसरा पर्याय नसतो, खाडा झाला की पगार कापला जातो. सोसणं ही या शहराची ताकद आहे. त्याच सोसण्यामुळे जे बदलायला हवं ते बदलत नाही. संकट पाहून माणसाला भीती वाटते आणि तिच्यावर काही इलाज हाताशी नसेल तर मन ती भीती कमी करायला लागतं : विषय टाळतं, विनोद करतं, ‘चालायचंच’ म्हणतं. मानसशास्त्रात यावर सत्तरच्या दशकापासून काम झालं आहे. जितकी भीती दाखवाल तितका उपाय हातात द्यावा लागतो, नाहीतर माणूस भीतीकडेच पाठ फिरवतो.

आणि ‘हे मला जमेल का’ हा प्रश्न फक्त मनातला नसतो, हे आम्हा मानसशास्त्रवाल्यांनी सतत लक्षात ठेवायला हवं. गोवंडीत किंवा मानखुर्दला पत्र्याच्या पोटमाळ्यावर राहणाऱ्या बाईला उष्णता वाढली आहे हे या सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. रात्री दोन वाजेपर्यंत तिचं लहान मूल रडत असतं. तिच्यात जाणीव कमी नाही, इच्छाही कमी नाही. घर भाड्याचं आहे, छत मालकाचं आहे, आणि उद्या तो तिथून काढील. तिला जनजागृतीचं पत्रक देणं हा तिचा अपमान आहे. तिला छत हवं आहे. अहमदाबादला मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला : आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय, पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा परावर्तक रंग. पांढऱ्या छपराखालचं तापमान काही अंशांनी उतरतं. काही अंश म्हणजे बाळाची झोप. हे काम एकट्या माणसाचं नाही, ते पालिकेचं आहे, आणि ते मागण्याचं काम आपलं सगळ्यांचं आहे, ज्यांच्या डोक्यावर पत्रा नाही त्यांचंही.

आपल्याकडे उष्णता हा विदर्भाचा विषय, असं अजून धरलं जातं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या समारंभात उन्हाने १४ जणांचा जीव गेला. तापमापक तेव्हा चाळिशीपर्यंतही पोचला नव्हता. किनाऱ्यावरची दमट हवा घाम वाळू देत नाही आणि शरीर आतून तापत जातं. नागपूरचे ४४ अंश आणि आपले ३८ यांची तुलना करून निश्चिंत होण्याची आपली सवय जीवघेणी आहे.

आता चुकीच्या समजुतींबद्दल थोडं. आपण काहीतरी करायला निघतो तेव्हा नेमकं काय निवडतो? शहाझीन अत्तारी या संशोधिकेने २०१० मध्ये अमेरिकेत विचारलं की ऊर्जा वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग कोणता. बहुतेकांनी दिवे बंद करण्यासारखे, वापर कमी करण्याचे मार्ग सांगितले. जास्त कार्यक्षम उपकरणं वापरावीत असं फार थोड्यांनी सांगितलं. आणि वेगवेगळी उपकरणं किती ऊर्जा खातात याचा लोकांचा अंदाज सरासरी २.८ पटींनी कमी होता. मोठ्या उपकरणांच्या बाबतीत तर आणखी चुकीचा. आपल्या घरातही तेच चालतं. बाथरूमचा दिवा राहिला म्हणून मुलांना ओरडा पडतो आणि बेडरूममध्ये एसी १८ वर चालू असतो, वर पांघरूण. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ अंशांवरच सुरू होतील असा नियम झाला. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचं उद्दिष्ट आहे. त्यात शहराच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७० टक्के वाटा ऊर्जेचा, मुख्यतः इमारतींमधल्या वापराचा, असा हिशेब आहे. देशातली ७० टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशावर होते. म्हणजे मुंबईकराचा हवामानाशी सगळ्यात मोठा व्यवहार भिंतीवरच्या स्विचमधून होतो. कापडी पिशवी वापरावी, नाल्यांसाठी ती फार महत्त्वाची आहे. पण पिशवी घेतली म्हणजे माझा वाटा झाला, असं वाटून माणूस तिथेच थांबतो, त्याची मला काळजी वाटते.

‘आपण करून काय होणार, चीन-अमेरिकेचं काय’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच आहे, म्हणून आत्ताच उत्तर देते. उत्सर्जनाच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे, आणि श्रीमंत देशांचा दोष मोठा आहेच. पण छत पांढरं केलं तर गारवा बीजिंगला जात नाही, तुमच्याच शेवटच्या मजल्यावर राहतो. पावसाचं पाणी जिरवलं तर तुमच्याच फाटकासमोर कमी तुंबतं. उपयोग होईल का, या प्रश्नाचं उत्तर इथे एका उन्हाळ्यात मिळतं. लोकांना सुरुवात अशा कामापासून करू द्यावी असं माझं ठाम मत आहे. एकदा जमलं की माणूस पुढच्या, अवघड कामाला हात घालतो.

या शहरात ते घडलेलं आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी गल्लीचा कचरा हातात घेतला, ओला-सुका वेगळा केला. महापालिकेने त्याच धर्तीवर प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे आपण ज्याला एएलएम म्हणतो, ती पद्धत शहरभर नेली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह आणि त्यांचे एक वृद्ध शेजारी, अशा दोघांनी कचरा उचलायला सुरुवात केली. सुरुवातीला लोक लांबून बघत होते, पण बघत होते हे महत्त्वाचं. मग हातमोजे घालून उतरले. २०१८ च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. आणि आपल्यापैकी अनेकांचं गाव जिकडे आहे त्या चिपळूणचं उदाहरण तर ताजं आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तिथले नागरिक नुकसानभरपाईवर थांबले नाहीत. वाशिष्ठी नदीतला गाळ काढा, ही एकच नेमकी मागणी घेऊन साखळी उपोषणाला बसले, आणि गाळ काढायचं काम सुरू झालं. पुराची जाणीव चिपळूणला आधीही होती, २००५ सालच्या पुराच्या गोष्टी तिथे घरोघर सांगतात. या वेळी ती एका मागणीत उतरली आणि सगळ्या गावाला एकमेकांचं तोंड दिसलं.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ५८ गावांत छतावरच्या सौरऊर्जेचा प्रचार झाला. प्रत्येक गावात एक स्वयंसेवक नेमला होता. ज्या स्वयंसेवकांनी त्या योजनेतून स्वतःच्या घरावर पॅनेल बसवली होती, त्यांनी इतरांपेक्षा ६२.८ टक्के जास्त कुटुंबं मिळवली. बोलणं दोघांचंही चांगलं असेल. लोकांनी छताकडे पाहिलं.

तेव्हा आता अगदी कामाचं बोलते. गृहनिर्माण संस्थांना दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि १४ दिवस आधी नोटीस काढावी लागते. नोटिशीत विषय यायला हवा असेल तर त्याच्या आधी तो सचिवांकडे लेखी पोचला पाहिजे. तीन विषय सुचवते, तिन्ही मागू नका, एकच निवडा. गच्चीला परावर्तक रंग. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सौरऊर्जा : केंद्राच्या सूर्यघर योजनेत संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान आहे, खर्चाचा अंदाज दोन ठिकाणांहून मागवून पत्राला जोडा. किंवा आवारातल्या फरशा काढून थोडी माती मोकळी करणं, म्हणजे पाणी मुरेल. चाळीत किंवा वस्तीत राहत असाल तर हेच पत्र वॉर्ड ऑफिसात, नगरसेवकांच्या नावाने द्या आणि पोच घ्या.

पत्रावर एकट्याची सही ठेवू नका. किमान पाच-सहा घरांच्या सह्या घ्या, आणि त्यात तुमच्याशी सहसा न बोलणारं एक घर असू द्या. बेल वाजवल्यावर पहिल्या दोन घरांत नकार आला तर तिसऱ्या घरी जा. मघाचे ६९ आणि ४३ टक्के लक्षात ठेवून जा.

आता तुमचे प्रश्न घेते.